गप्प आणि गप्पा

गेल्या शनिवारी आमच्याकडे मेंढीकोट रंगलं होतं. म्हणजे रंगायला हवं होतं. शुक्रवारी रात्री रिलीज गेलेलं, सर्व्हर शांत, बायको-पोरं माहेरी. (हा योग किती दुर्मिळ असतो ते समदुःखी लोकांना सांगायला नको.) ऑफिसातले आम्ही चौघं, कोपरे मऊ झालेला एक जुना कॅट आणि कागदावर भेळ. पानं पिसली, कापली, वाटली. पहिल्या हातालाच एकाने त्याच्या ट्रेकचा विषय काढला. तिसऱ्या हाताला गाडी क्रिकेटवर आली. दुसऱ्या डावात नव्या गाण्यांना चाल असते की नुसता ठेका यावर वाद पेटला आणि हुकूम काय आहे हेच तिघं विसरले. शेवटी माझा भिडू कळवळून म्हणाला, "अरे, गप्पा मारायच्यात की खेळायचंय? एक काय ते ठरवा!"

डाव संपला, लोक घरी गेले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पत्त्यांचा खेळ नक्की कशासाठी असतो? खेळण्यासाठी की बोलण्यासाठी? रविवारची दुपार मोकळी होतीच. म्हटलं जरा मागे जाऊन बघू. आणि मागे म्हणजे पार मागे गेलो.

१३७७ साली फ्लॉरेन्समध्ये एका नव्याच आलेल्या खेळावर निर्बंध घालणारा हुकूम निघाला. त्यात खेळाचं नाव आहे 'नाइब्बे'. स्पॅनिशमध्ये आजही पत्त्यांना 'नाइपेस' म्हणतात. हा शब्द आला कुठून? बहुतेकांचं म्हणणं असं की इजिप्तच्या मामलुक पत्त्यांतून. त्या कॅटात राजाच्या खालचं पान म्हणजे 'नायब'. होय, आपल्या तहसील कचेरीत 'नायब तहसीलदार' असतो ना, तोच नायब! आपण सातबाऱ्यासाठी ज्याच्या टेबलापुढे ताटकळतो, त्याच्या नावावरून अर्धा युरोप पत्त्यांना ओळखत होता.

त्या मामलुक कॅटाचा एक नमुना १९३० च्या दशकात इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडला. साधारण पंधराव्या शतकाच्या आसपासचा. त्यात चार रंग आहेत: पेले, नाणी, तलवारी आणि... पोलोच्या काठ्या. पोलो हा मामलुक सरदारांचा जीव की प्राण खेळ. आता गंमत बघा. हे पत्ते इटली-स्पेनला पोचले तेव्हा तिथल्या लोकांना पोलो म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी त्या काठ्यांचे सोटे करून टाकले. इटलीच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत ते सोटे आजही दिसतात. म्हणजे 'पत्ते खेळताना क्रिकेटच्या गप्पा कशाला' असं म्हणणाऱ्याला खुशाल सांगावं की बाबा रे, खेळाच्या गप्पा पत्त्यांत शिरल्या नाहीत, त्या पानांवर छापूनच आल्यात.

आपल्याकडचे पत्ते वेगळ्या वाटेने आले. गंजिफा. गोल पानं, आणि रंग चार नाहीत, आठ. बाबराच्या आत्मचरित्रात याची एक छोटी नोंद आहे. १५२७ साली, म्हणजे खानव्याची लढाई झाली त्याच वर्षी, बाबराने सिंधच्या शाह हसनकडे माणूस पाठवून गंजिफा धाडल्या. का? तर त्याला पत्त्यांची आवड होती आणि त्याने त्या मागितल्या होत्या. बस्स, एवढंच. हिंदुस्थानातल्या एवढ्या मोठ्या लढाया लढणारा माणूस त्याच धामधुमीत मित्राची फर्माईश लक्षात ठेवतो, हे मला त्या लढायांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

या मोगल गंजिफाचे आठ रंग म्हणजे एका दरबाराचा ऑर्ग चार्टच आहे. ताज, शमशेर, गुलाम, सुर्ख म्हणजे सोन्याची नाणी, सफेद म्हणजे चांदीची नाणी, किमाश म्हणजे मालमत्ता, कापडचोपड. उरलेले दोन माझे आवडते. एक 'बरात', म्हणजे पैसे देण्याची सरकारी चिठ्ठी. पेशवाईच्या कागदांत जी 'वरात' येते (अमक्या महालावर इतक्या रुपयांची वरात दिली), ती हीच. लग्नाच्या वरातीशी संबंध नाही, पैसे दोन्हीकडे जातात एवढंच :-) आणि दुसरा रंग 'चंग', म्हणजे हार्पसारखं एक तंतुवाद्य.

अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचं वर्णन केलंय. चंगाच्या रंगात राजा गाणं ऐकत बसलाय, वजीर कलावंतांची विचारपूस करतोय आणि बाकीच्या पानांवर वाजवणारे आहेत. बरातीच्या रंगात राजा फर्मानं तपासतोय आणि वजीर दफ्तर उघडून बसलाय. थोडक्यात, संगीत, ऑफिस, पगार, कापडखरेदी. आपण शनिवारी रात्री पत्ते खेळताना दुसरं काय बोलतो?

महाराष्ट्रात गंजिफा म्हटलं की सावंतवाडी. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे विष्णूचे दहा अवतार हे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. एकूण १२०. तिघांत वाटली की प्रत्येकाच्या हातात ४०! शिवाय अर्ध्या रंगांत दहा मोठा आणि अर्ध्यांत एक्का मोठा, क्रम उलटा. दिवसा खेळताना रामाला मान, रात्री कृष्णाला. आपण तेरा पानं धरून हुकूम विसरतो, तिथे ती मंडळी हे सगळं डोक्यात ठेवायची.

पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ संपत आली होती. पानं रंगवणाऱ्या चितारी घराण्यांतले जुने कारागीर हातावर मोजण्याइतके उरले. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका म्हाताऱ्या कारागिराकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. म्हणून आज आपल्याला तिथे जाऊन गंजिफा विकत घेता येते. फार मोठं काम झालं ते. पण ती घेऊन आपण काय करतो? काचेच्या फ्रेममध्ये लावतो. पानं वाचली, डाव गेला. आणि डावाबरोबर गेल्या त्या डावावरच्या गप्पा. सावंतवाडीच्या एखाद्या ओटीवर ४० पानं सांभाळत लोक कोणत्या कीर्तनकाराबद्दल, कोणत्या कुस्तीबद्दल बोलत होते? चितारी पान रंगवू शकतो, गप्पा कोण रंगवणार?

हा झाला गप्पांचा वंश. पत्त्यांचा दुसरा एक वंश आहे, तो गप्प बसणाऱ्यांचा. मराठीत या दोन शब्दांत एका कान्याचंच अंतर आहे, पण त्या कान्यापायी अडीचशे-तीनशे वर्षांचं राजकारण झालंय.

इंग्लंडमध्ये 'व्हिस्ट' नावाचा खेळ होता. चौघं, दोन जोड्या, तेरा-तेरा पानं, हुकूम. आपल्या मेंढीकोटाचा चुलत-आजोबाच म्हणा. 'व्हिस्ट' या जुन्या इंग्रजी शब्दाचा एक अर्थच 'गप्प!' असा आहे. १७४२ साली एडमंड हॉइल नावाच्या माणसाने व्हिस्टवर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि मग हा खेळ अभ्यासाचा विषय झाला. अभ्यास आला की बोलणं बंद, हे आपण शाळेपासून शिकलोय.

पुढे व्हिस्टपासून ब्रिज झाला. १९२५ च्या शरद ऋतूत हॅरोल्ड व्हँडरबिल्ट नावाचा अमेरिकन धनिक लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला बोटीने निघाला होता. त्या प्रवासात त्याने गुण मोजण्याची नवी पद्धत आपल्या मित्रांबरोबर खेळून पाहिली आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्माला आला. ब्रिजमध्ये भिडूशी बोलायला परवानगी आहे, पण फक्त पंधरा शब्दांत. एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प, पास, डबल, रीडबल. संपली डिक्शनरी! आपल्या भाषेत सांगायचं तर एक घट्ट प्रोटोकॉल. त्या पंधरा शब्दांत आपल्या तेरा पानांची कुंडली भिडूला सांगायची.

आता प्रोटोकॉल म्हटला की त्याच्या बाजूने चोरवाट आलीच. 'पास' हाच शब्द कुरकुरत म्हणता येतो, ठामपणे म्हणता येतो, उसासा टाकून म्हणता येतो. म्हणून १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बिडिंग बॉक्स निघाले: तोंडाने बोलायचंच नाही, कार्ड काढून ठेवायचं. १९६५ साली ब्युनोस आयरेसच्या जागतिक स्पर्धेत टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या ब्रिटिश जोडीवर आरोप झाला की ते पानं धरलेल्या बोटांनी खुणा करतात. जागतिक संघटनेने त्यांना दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या चौकशीत ते निर्दोष सुटले. त्याबद्दल अजूनही भांडणं होतात. मग १९७५ च्या जागतिक स्पर्धेत टेबलावर आडवा पडदा आला, म्हणजे भिडूचं तोंडच दिसू नये. तर त्याच स्पर्धेत एका जोडीवर टेबलाखालून पाय लावल्याचा ठपका आला! झालं, टेबलाखालीही अडसर. २०१५ मध्ये जुने व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून लोकांनी शोधून काढलं की एक नावाजलेली जोडी पानं ठेवायचा ट्रे टेबलावर कुठे सरकवायचा यातूनच निरोप देत होती.

मला यात फसवणुकीपेक्षा दुसरंच काही दिसतं. माणसाचं तोंड बंद केलं, तो बोटांनी बोलला. बोटं झाकली, पायाने बोलला. पाय अडवले, ट्रेने बोलला. चार माणसं समोरासमोर बसवून त्यांना गप्प ठेवण्यासाठी किती लाकूडकाम करावं लागतं बघा!

गैरसमज नको, मला ब्रिजबद्दल आदर आहे. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी भारताला ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा मी ऑफिसमध्ये पेढे वाटले होते. ते गप्प बसणं ही एक साधना आहे. फक्त ती माझ्या घरातली नाही.

आणि गप्प बसण्याचं पुढचं टोक तर आपल्याच लोकांनी बांधलं. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आलं. वेस चेरी नावाच्या इंटर्नने लिहिलेलं, पानांची चित्रं सुझन केरची. लोकांना माऊस धरून चित्र ओढायची सवय लागावी हा त्यामागचा एक हेतू. जगातल्या कोट्यवधी लोकांनी त्या हिरव्या पडद्यावर पत्ते खेळले. एकट्याने. साहेब आला की खिडकी बंद. भिडू नाही, भांडण नाही, "अरे गाढवा, मेंढी तिकडे कशी टाकलीस" नाही.

तर आता माझ्या घरातली गोष्ट.

आमचे बाबा डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जायचे. जवळजवळ तीस वर्षं तीच गाडी, तोच डबा, तेच चौघं. एक बँकेतले काका, एक गोदीतले काका, आणि एक ज्यांना सगळे 'मास्तर' म्हणायचे ते. ब्रीफकेस चौघांच्या गुडघ्यांवर आडवी, तिच्यावर पेपर, पेपरवर मेंढीकोट. डब्याच्या दुसऱ्या टोकाला भजनी मंडळ. टाळांचा गजर आणि इकडे हुकुमाचा. बाबा आणि मास्तर भिडू. लहानपणी मी दोन-चारदा त्यांच्याबरोबर गेलोय. मला आठवतात त्या गप्पा: भीमसेन की कुमार, गावसकर की विश्वनाथ, गुलाबाला खत कोणतं. १९८६ साली मियांदादने शारजात शेवटच्या चेंडूवर तो षट्कार मारला. दुसऱ्या दिवशी शनिवारी गाडीत पानं पिसली गेली, पण वाटलीच नाहीत, असं बाबा सांगतात. ठाण्यापर्यंत कोणी बोललं नाही आणि ठाण्यानंतर कोणी थांबलं नाही.

निवृत्तीनंतर डाव दर रविवारी बँकेतल्या काकांच्या गॅलरीत सरकला. मग आलं २०२० चं लॉकडाऊन. डाव बंद. मी अर्थातच इंजिनिअरासारखा विचार केला आणि चौघांच्या फोनवर पत्त्यांचं ॲप टाकून दिलं. पानं आपोआप पिसली जातात, गुण आपोआप मोजले जातात, चुकीचं पान टाकताच येत नाही. पाच दिवसांत चौघांनी ते सोडलं. "यात कोणी बोलत नाही रे," बाबा म्हणाले.

अच्छा, म्हणजे प्रॉब्लेम बोलण्याचा आहे तर! मी चौघांचा कॉन्फरन्स कॉल लावून दिला. म्हटलं, मारा गप्पा. "काय, बरा आहेस ना?" "हो. तू?" "जेवलास?" "हो. बाकी काय?" "बाकी काही नाही." दहा मिनिटांत तीस वर्षांची मैत्री संपली. म्हणजे तसं वाटलं. बाबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "नुसतं काय बोलायचं?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या भिडूचा प्रश्नच चुकीचा आहे (तो त्याने विचारायच्या आधीच). गप्पांसाठी पत्ते लागतात. हात गुंतलेले लागतात, नजर पानांवर लागते, बोलायला नको असेल तेव्हा 'थांब, विचार करू दे' म्हणायची सोय लागते. समोरासमोर बसून 'मला भीती वाटते' असं ज्या पिढीला कधी म्हणता आलं नाही, ती पिढी पान टाकता टाकता तेच बोलून जायची. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. फोनवर कॉल चालू आणि टॅबवर ॲप. दोन्ही एकदम. तो डाव पुढे वर्षभर चालला.

२०२१ मध्ये गोदीतले काका गेले. चौथी जागा रिकामी झाली. २०२२ च्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "चल, बदली भिडू हवाय." गोदीतल्या काकांच्या खुर्चीवर मी बसलो, बँकेतल्या काकांचा भिडू म्हणून. बाबा आणि मास्तर विरुद्ध पार्टीत.

तिसरा की चौथा डाव असेल. शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, जुनं नाट्यसंगीत. मास्तर पानं लावता लावता सहज म्हणाले, "तुझ्या बापाची पेटी ऐकली असतीस तर... हात काय गोड होता याचा."

मी बघतच राहिलो. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. आमच्या घरात मी कधी पेटी पाहिली नव्हती. बाबांना गाणं आवडतं हे माहीत होतं, पण वाजवायचे? "बाबा, तुम्ही पेटी वाजवायचात?"

बाबांनी पानांवरून नजर काढली नाही. म्हणाले, "उतारी कोणाची?"

"तुझीच," बँकेतले काका म्हणाले.

बाबांनी चौकट दश्शी टाकली. मेंढीकोट खेळणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: दश्शी म्हणजेच मेंढी. सगळा खेळ ती वाचवण्याचा. पहिल्याच उतारीला कोणी अशी मेंढी उघड्यावर सोडत नाही, आणि पन्नास वर्षं खेळलेला माणूस तर नाहीच नाही. माझ्याकडे चौकट राजा होता. मी तो टाकला. मास्तरांकडून एक बारीक पान आलं, काकांकडून राणी. मेंढी आमची झाली. एरवी त्या गॅलरीत मेंढी अशी फुकट गेली असती तर पंधरा मिनिटं उद्धार चालला असता. त्या दिवशी कोणी एक अक्षर बोललं नाही. मी हात उचलला, उलटा करून ठेवला आणि पुढचं पान टाकलं.

मग दोन-तीन हातांनंतर बाबाच म्हणाले, पानांकडे बघतच, "सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री आठला यायचं. कधी वाजवणार? मंडळाला देऊन टाकली. ते तरी वाजवतील."

एवढंच. डाव पुढे चालू राहिला. आम्ही तो हरलो की जिंकलो ते आता आठवत नाही.

गेल्या शनिवारी भिडूच्या त्या प्रश्नावर मी फक्त हसलो होतो. आता उत्तर पाठवलंय: दोन्ही. पुढच्या शनिवारी परत बसतोय, आणि या वेळी बाबा चार दिवस पुण्यात आहेत. पाचवा माणूस आहे म्हणून मी बाहेर बसणार आहे. माझ्या एका सहकाऱ्याकडे, कळलंय मला, घरी जुनी पेटी आहे. ती घेऊन ये असं मी त्याला सांगितलंय. वाजवा असं बाबांना म्हणणार नाही. ती फक्त कोपऱ्यात असेल, आणि समोर पत्ते पिसलेले असतील. मग बघू, उतारी कोण करतंय.